लाळग्रंथीचा एक दिवस

सकाळी ८. पंचवीस अंशांवर ठेवलेली फळमाशीची बाटली काढते. काचेवर चढलेल्या अळ्यांपैकी चपळ तेवढ्याच वेचते. थांबायच्या बेतात असलेली अळी उपयोगाची नाही, तिच्या अंगात एक्डिसोन हे हॉर्मोन आधीच वाढलेलं असतं.

९. दोन सुयांनी डोकं ओढलं की लाळग्रंथींची पारदर्शक जोडी बाहेर येते. एक ग्रंथी साध्या द्रवात, तिची जोडीदार हॉर्मोन घातलेल्या द्रवात. तुलना एकाच अळीतली, त्यामुळे शंकेला जागा कमी.

९.१५. ऑर्सिनने रंगवलेली पहिली स्लाइड. या पेशींत गुणसूत्राच्या हजारभर प्रती एकमेकींना चिकटून असतात, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकातही पट्टे दिसतात. जनुक कामाला लागलं की तिथला पट्टा फुगतो. हाच पफ. साध्या द्रवात ६८ सी या जागेचा पट्टा फुगलेला आहे. कोश चिकटवणाऱ्या गोंदाची जनुकं तिथे आहेत. हॉर्मोनच्या द्रवात मात्र ७४ ईएफ आणि ७५ बी पाच मिनिटांतच सैलावू लागलेत.

हॉर्मोनने पफ उघडतात हे पहिल्यांदा दाखवलं क्लेव्हर आणि कार्लसन यांनी, १९६० मध्ये, ट्युबिंगेनला, डासासारख्या दिसणाऱ्या कायरोनोमस या कीटकाच्या अळीत एक्डिसोन टोचून. हॉर्मोन मिळवणंच केवढं कष्टाचं! बुटेनांट आणि कार्लसन यांना १९५४ मध्ये रेशीमकिड्यांच्या ५०० किलो कोषितांतून जेमतेम २५ मिलिग्रॅम हाती लागलं होतं.

दुपारी १. दोन्ही पफ ऐन भरात. यापुढचा तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो: द्रवात हॉर्मोन तसंच असूनही ते ओसरू लागतात. तिसऱ्या बशीतल्या ग्रंथीला हॉर्मोनसोबत प्रथिननिर्मिती रोखणारं सायक्लोहेक्झिमाइडही दिलं आहे. तिथे पफ उघडले, पण मिटत नाहीत. म्हणजे मिटवणारं प्रथिन त्या पहिल्या जनुकांच्या कामातूनच येत असणार. ॲशबर्नर आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हेच मांडलं: ती प्रथिनं स्वतःची जनुकं थांबवतात आणि पुढची सुरू करतात.

संध्याकाळी ५. त्या पुढच्या जनुकांचे पट्टे, ६२ ई आणि ८२ एफ, फुगलेत. तिसऱ्या बशीत त्यांचा पत्ता नाही.

६. बशा धुऊन झाल्या. महाविद्यालयांत ही स्लाइड होते, पट्टे मोजले जातात आणि तास संपतो. शिक्षकांनो, पफ बदलताना दाखवायला महागडं हॉर्मोन नसलं तरी चालेल. एकाच बाटलीतली एक फिरती अळी आणि नुकताच स्थिरावलेला पांढरा कोश घ्या, आणि दोन्ही स्लाइडी मुलांना शेजारी ठेवून पाहू द्या.