कुजका आंबा, निळं पेन

सकाळी ६. चहाच्या आधी ओव्हन. आत कालपासून १०५ अंशांवर आंब्याचे ठोकळे वाळताहेत, पाऊण इंच जाड आणि पाच इंच लांब. पेन कातणारे त्यांना ब्लँक म्हणतात. लाकूड वाळलं की नाही हे हाताला कळतं, असं जुने सुतार सांगतात. लाकडात रंगीत रेझिन मुरवण्याच्या या कामात हाताचा भरवसा नाही, काटा लागतो. एक ठोकळा तोलायचा, तासाभराने पुन्हा तोलायचा. वजन उतरलं नाही तर तो वाळला. मग लगेच झिपच्या पिशवीत. पुण्यातल्या श्रावणात उघडा ठेवलेला ठोकळा हवेतली ओल पुन्हा ओढून घेतो. गरमागरम ठोकळा रेझिनमध्येही टाकता येत नाही, कारण हे रेझिन उष्णतेनेच घट्ट होतं. तेव्हा गार होईपर्यंत थांबणं आलं. रंगकामाचा निम्मा वेळ असा वाळवण्यात आणि थांबण्यात जातो.

८. तोवर वखारीत चक्कर. वखारवाले काका उत्साहाने हाक मारतात, "या, जुन्या वाड्याच्या तुळया आल्यात. अस्सल सागवान!"

"सागवान नको काका. ते मागे पावसात पडलंय ना, आंब्याचं, ते दाखवा."

"ते? अहो, सरपणालाही कोणी उचलेना!"

नेमकं तेच हवंय. सागवान तेलकट, शिसव घट्ट; रंग शिरायला आत जागाच नाही, वर लाकडातलं तेल रेझिनला नीट आळू देत नाही. बुरशीने पोखरलेला आंबा मात्र आतून पोकळ झालेला असतो. त्यावर शाईने ओढल्यासारख्या काळ्या रेघा दिसतात. दोन बुरश्या शेजारी आल्या की भाऊबंदांसारख्या हद्दीवर बांध घालतात, तेच हे बांध. माझी कसोटी साधी आहे: नख रुतलं पाहिजे, पण चिमटीत भुगा होता कामा नये. आज दोन फळकुटं मिळाली. काकांनी पैसे घेतले ते सरपणाच्या भावाने, आणि चेहरा असा केला की गिऱ्हाईक खुळं आहे.

९.३०. रंग मिसळणं. रेझिन मेथॅक्रिलेट जातीचं, जवळजवळ पाण्यासारखं पातळ. त्यात त्याच्यासाठीच बनवलेला रंग घालायचा; पाण्यात कालवायचा रंग इथे उपयोगाचा नाही. भांड्यात निळा काळपट दिसेपर्यंत थांबत नाही. टिश्यू पेपरवर थेंब टाकून पाहिलं आणि फिका वाटला, की लाकडात आणखी फिका उतरणार हे धरून चालायचं. आंब्याचा स्वतःचा पिवळसर रंग खालून डोकावतो, त्यामुळे निळ्याला किंचित हिरवी झाक येते. फणसाचं लाकूड तर मुळातच हळदीसारखं पिवळं. त्यात निळा घातला की सरळ हिरवा हाती येतो.

१०.३०. निर्वात पंप. ठोकळे तरंगतात, म्हणून वर वजन ठेवून बुडवायचे. झाकण लावून पंप सुरू केला की लाकडाच्या टोकांतून बुडबुड्यांच्या माळा सुटतात. आडव्या अंगातून फार थोडे. झाडाने पाणी ज्या नळ्यांतून वर नेलं, त्यांची तोंडं टोकांनाच उघडी असतात. हवा गेली की त्याच वाटेने रंग आत येणार.

"काका, फेस वर आला!" माझा पुतण्या ओरडतो. झडप जराशी सैल करायची, फेस बसला की पुन्हा आवळायची. पहिली काही मिनिटं पंपापासून हलायचं नाही.

दाबमापीचा काटा पाऱ्याच्या २८ इंचांच्या जवळ अडतो. मुंबईतला मित्र म्हणतो, त्याचा २९ च्या पुढे जातो, तुझा पंप कमजोर आहे. पंप ठणठणीत आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, इथे मुळात हवेचाच दाब कमी.

दुपारी १.३०. बुडबुडे तुरळक झाले. पंप बंद करून हवा आत सोडली. खरं शोषण आता सुरू होतं: रिकाम्या झालेल्या पोकळीत बाहेरची हवा रेझिनला ढकलते. पंप जेवढा वेळ चालला, त्याच्या निदान दुप्पट वेळ ठोकळे तसेच बुडवून ठेवायचे. तोवर जेवण.

३. परवाचे ठोकळे भट्टीत. एकेक अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळायचा, नाहीतर रेझिन बाहेर पाझरून सगळे एकमेकांना चिकटतात. साधारण ९० अंश, आणि उष्णता गाभ्यापर्यंत पोचायला हवी. वास उग्र येतो. हा ओव्हन शेडमध्येच असतो, त्यात पाव भाजत नाहीत.

दुरंगी हवं असेल तर पहिल्या रंगात पंपाशिवाय थोडाच वेळ बुडवून भाजायचं, मग दुसरा रंग पंपाने. मक्याचं दाणे काढलेलं बुरकुंड यात बहार आणतं: ज्या घरांत दाणे बसले होते, ती एका रंगाची आणि मधला मऊ भाग दुसऱ्या.

५. लेथ. मास्क आधी, बुरशीची भुकटी आणि रंगाची धूळ, दोन्ही छातीला वाईट. भाजलेल्या ठोकळ्याला मधोमध ७ मिलिमीटरचं भोक पाडायचं, पितळी नळी चिकटवायची, मग कातायचं. नळीवर आधी गडद रंग मारतो, नाहीतर पातळ कातल्यावर पितळ खालून चमकतं. वरची रेझिनची साय उडते आणि लाकूड दिसू लागतं. काळ्या रेघा काळ्याच राहिल्यात. एका बाजूचा कुजका भाग गर्द निळा. रेघेपलीकडे लाकूड शाबूत होतं, तिथे रंग शिरलाच नाही, ते मधासारखं पिवळंच आहे. ही हद्द मी आखलेली नाही, आणि असा दुसरा तुकडा मागूनही देता येणार नाही.

७. संध्याकाळी एक गिऱ्हाईक येतं. पेन आवडतं, पण प्रश्न ठरलेला: रंग पक्का आहे ना? पाण्याने, घामाने जाणार नाही, कारण तो आतपर्यंत आहे. उन्हाने मात्र फिकटेल, निळाजांभळा तर हमखास. पेन खिशात ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर नको. आणि वरून घातलेला रंगच नको असेल, तर सागवानाचं साधं पेन घ्या. तेही माझ्याकडे आहे आणि स्वस्तही आहे.