शिवणीतली माया

दीपावलीच्या खरेदीत रोजच्या सुती सदऱ्या-कुर्त्यांचाही विचार व्हावा

दीपावली जवळ आली की घरोघरी नव्या वस्त्रांचा विषय निघतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपावे, कोऱ्या वस्त्राला हळदकुंकवाचे बोट लावून ते अंगावर चढवावे, देवाला नमस्कार करून मग वडीलधाऱ्यांच्या पाया पडावे, हा आपल्याकडचा कुळाचार आहे. भाऊबीजेच्या ओवाळणीत आणि सुवासिनींच्या ओटीतही वस्त्राला मानाचे स्थान आहे. त्यामुळे जरीकाठी लुगडे आणि रेशमी झब्बा यांची निवड घरातील सर्वांच्या साक्षीने, दोन-चार दुकाने पालथी घालून होते. मात्र सण सरल्यानंतर वर्षाचे बहुतेक दिवस जे अंगावर असते, त्या साध्या सुती सदऱ्याची, कुर्त्याची किंवा मुलांच्या टी-शर्टाची खरेदी दुकानातून निघता निघता उरकली जाते. रंग आवडला, किंमत परवडली, छापील आकडा जुळला, की पुडके बांधले जाते.

याचा परिणाम पुढे वर्षभर भोगावा लागतो. सदरा बगलेत काचतो, कुर्ता बसल्यावर पोटावर ताणतो, दोन धुण्यांनंतर टी-शर्टाची शिवण पोटाकडे वळते. असे वस्त्र फाटत नाही, म्हणून टाकवत नाही आणि सुख देत नाही, म्हणून घालवतही नाही. ते कपाटाच्या तळाशी जाते. घरच्या लक्ष्मीचा हा अपव्ययच नव्हे काय? म्हणून या वर्षी खरेदीस निघण्यापूर्वी रोजच्या सुती वस्त्राची पारख कशी करावी, याचा थोडा विचार करू या.

कापडाची पारख

पूजेसाठी रेशमी सोवळे किंवा धुऊन वाळविलेले सुती धूतवस्त्र, ही आपली जुनी रीत. नित्य धुता येणे हा सुती वस्त्राचा मोठा गुण. दुसरा गुण घाम शोषण्याचा. प्रमाणित हवामानात कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. आश्विनातील उकाड्यात स्वयंपाकघरात उभ्या असणाऱ्या गृहिणीला हा फरक आकड्यांवाचूनही समजतो.

सुताच्या बारीकपणाला व्यापारी 'नंबर' म्हणतात. ८४० वारांची एक, अशा किती लडी एका पौंडात बसतात, त्यावरून तो ठरतो. आकडा जितका मोठा, तितके सूत तलम. ४० नंबरच्या आसपासच्या सुताचे पॉपलीन किंवा केंब्रिक रोजच्या सदऱ्याला पुरेसे मऊ आणि पुरेसे टिकाऊ ठरते. ८० किंवा १०० नंबरची मलमल अंगाला लोण्यासारखी लागते. पण तिला आत अस्तर किंवा बंडी हवी, आणि रोजच्या धुण्याबडवण्यात तिचे आयुष्य थोडे.

कापड हातात घेतल्यावर ते उजेडासमोर धरावे. उभे आणि आडवे धागे एकमेकांना काटकोनात छेदत असले पाहिजेत. सदऱ्याच्या उंचीच्या दिशेने उभा धागा आलेला असावा. कापड वाचविण्यासाठी पुढा किंचित तिरका कापला असेल, तर इस्त्रीच्या जोरावर तो दुकानात सरळ दिसतो आणि पहिल्या धुण्यात आपले मूळ रूप दाखवितो. गडद रंगाच्या आतल्या दुमडीवर ओला पांढरा रुमाल चोळून पाहावा. रुमाल रंगला, तर ते वस्त्र इतर कपड्यांबरोबर भिजवू नये, हे त्याच क्षणी समजते.

आता आटण्याविषयी. साधे सुती कापड धुतल्यावर ३ ते ५ टक्के आटते. हातमागाचे आणि खादीचे याहूनही अधिक आटू शकते. ४० इंच उंचीचा कुर्ता ५ टक्के आटला म्हणजे दोन इंच तोकडा झाला. गिरणीत कापड आधीच आटवून घेण्याची 'सॅनफोराइझ' नावाची पद्धत अमेरिकेतील सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३० च्या सुमारास प्रचारात आणली. तिने उरलेली आटण एक टक्क्याच्या आसपास येते. जेथे अशी खात्री नाही, तेथे शिवण्यासाठी घेतलेले कापड रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मगच शिंप्याकडे द्यावे. तयार कुर्ता घेताना उंचीत दोन इंच आणि छातीत एखादा इंच अधिक धरावा.

देवघराच्या चार कसोट्या

वस्त्र अंगावर बसते की नाही, हे आरशासमोर ताठ उभे राहून कळत नाही. आपल्या घरातील माणूस दिवसभर ताठ उभा नसतो. तो मांडी घालून बसतो, वाकतो, हात उंचावतो, आरती ओवाळतो. याच चार हालचाली दुकानात करून पाहाव्यात. त्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

पहिली कसोटी तोरण बांधण्याची. दोन्ही हात डोक्यावर न्यावेत. सदऱ्याचा खालचा काठ चार बोटांहून अधिक वर चढला, तर मुंढा, म्हणजे बाही जोडण्याचा घेर, चुकला आहे असे समजावे. येथे पुष्कळांचा गैरसमज असतो. मुंढा जितका खोल, तितका हात मोकळा, असे त्यांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. मुंढा खोल असला की हाताबरोबर कुशीची सगळी शिवण वर ओढली जाते. तो बगलेच्या जवळ असला, तर हात एकटाच वर जातो. जुन्या कळीदार कुर्त्यात यावर सुंदर तोड काढलेली आहे. बाही सरळ चौकोनी पट्टीची, आणि बगलेखाली एक लहानसा चौकोनी तुकडा तिरका बसविलेला. त्याला चौबगला म्हणतात. एवढाच तुकडा हाताला मोकळीक देतो आणि शिवणीवरचा ताण वाचवितो.

दुसरी कसोटी पाटावर बसण्याची. मांडी घातल्यावर गुंड्यांमध्ये फटी पडता कामा नयेत आणि कुशीचे कट ताणून उसवता कामा नयेत. कट नितंबाच्या रुंद भागाच्या किंचित वर सुरू व्हावा आणि त्याच्या टोकाला आतून कापडाचा जोड असावा. सैल सदऱ्याची छाती अंगाच्या मापापेक्षा चार ते सहा इंच अधिक असावी. त्याहून कमी असेल तर श्वासाला अडचण, आणि फार अधिक असेल तर नुसताच बोंगा.

तिसरी कसोटी रांगोळीची. पुढे वाकावे. पाठीवर ओढ जाणवली, तर खांद्याखालची रुंदी कमी आहे. स्त्रियांच्या कुर्त्याचा गळा वाकल्यावर पुढे लोंबू लागला, तर तो रुंदीला जास्त कापलेला आहे; पिन लावून काढायचा तो कुर्ता घेऊच नये. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर येते की खाली घसरते, हेही याच वेळी पाहावे.

चौथी कसोटी निरांजनाची. हात पुढे करून ओवाळल्यासारखे फिरवावेत. बाही कोपराशी काचू नये. पण ती ज्योतीपर्यंत लोंबताही कामा नये. दिवाळीत ही केवळ सोयीची बाब नाही. पेट घेतलेले कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते, म्हणून दिव्यांजवळ आणि फटाक्यांजवळ सुती वस्त्र बरे, हे खरे. परंतु सुती कापडही पेटते, आणि सैल, झुळझुळीत असेल तर लवकर पेटते. पणत्या लावणाऱ्या मुलींच्या बाह्या आखूड आणि अंगाबरोबर असाव्यात, ओढणी कमरेला खोचलेली असावी.

कोणते वस्त्र कसे

नेहरू शर्ट आणि झब्बा हे आजही सर्वांत निर्धोक. पुढची पट्टी छातीच्या खालपर्यंत आलेली असावी, म्हणजे डोक्यातून घालताना ओढाताण होत नाही. बंद गळा गुंडी लावल्यावर दोन बोटे आत जातील इतका सैल हवा.

वारकऱ्यांच्या अंगावरची पांढरी बंडी ही उपयुक्ततेचा आदर्श आहे. बाह्यांचा अडसर नाही, खिसे भरपूर आणि उन्हात चालताना वारा खेळता. बाराबंदीचा गुण याहून निराळा. सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे मानकरी शुभ्र बाराबंदी घालतात, हे अनेकांनी पाहिले असेल. गुंड्यांऐवजी बंद असल्याने ती अंगाच्या मापाप्रमाणे सैल वा घट्ट करता येते. जड ध्वज पेलताना अंग आवळणार नाही आणि वस्त्र फडफडणारही नाही, अशी ही योजना आहे.

स्त्रियांच्या तयार कुर्त्यांमध्ये आणि आखूड टॉपांमध्ये आज रंगांची व छापांची रेलचेल आहे. परंतु दोन उणिवा वारंवार आढळतात. एक म्हणजे खिसा नसतो. किल्ल्या, रुमाल, सुटे पैसे बाईमाणसालाही लागतातच. दुसरी म्हणजे छातीचा आकडा जुळला तरी दंड आवळतो. दंडाचे माप स्वतंत्रपणे पाहावे. खाली थोडा घेर सोडलेला कुर्ता घरकामाला आणि वयस्क बायकांना सोयीचा पडतो. वर घट्ट आणि खाली घट्ट असा सरळ कुर्ता उभे राहण्यापुरताच शोभतो.

टी-शर्ट हा विणीच्या कापडाचा असल्यामुळे त्याची परीक्षा निराळी. त्याच्या दोन्ही कुशीच्या शिवणी जुळवून घडी घालावी. गळ्याचा मध्य आणि खालच्या काठाचा मध्य एका रेषेत आला नाही, तर तो धुतल्यावर अधिकच पिळवटणार. गळ्याची पट्टी ताणून सोडावी. ती पूर्ववत झाली पाहिजे.

लहान मुलांचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते. त्यामुळे त्यांच्या झबल्याला किंवा सदऱ्याला खांद्यावर गुंड्या किंवा मागे बंद असणे अगत्याचे आहे. जरीची, टोचणारी किनार मुलांच्या गळ्याशी कधीही नसावी. सणाच्या दिवशी रडणारे मूल पुष्कळदा गळ्याशी टोचणाऱ्या कापडापायी रडत असते.

छापील आकड्यावर मात्र फार विसंबू नये. ३८ हा आकडा एका दुकानात अंगाचे माप असतो, तर दुसऱ्या दुकानात शिवलेल्या वस्त्राचे. तयार कपड्यांची पुष्कळशी मापे परदेशी कोष्टकांवरून आली. भारतीय अंगलटीचे स्वतंत्र कोष्टक असावे म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांत २५ हजारांहून अधिक व्यक्तींची मापे घेण्याचा प्रकल्प हाती घेतला, ही आनंदाची गोष्ट होय. तोवर आपल्या घरातील नीट बसणारा एक जुना सदरा बरोबर न्यावा आणि त्यावर नवा ठेवून पाहावा. हे माप सहसा चुकत नाही.

आत उलटून पाहा

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची परीक्षा वस्त्र उलटे करून करावयाची. शिवणीच्या आत जे जादा कापड राखलेले असते, त्याला आपले शिंपी 'माया' म्हणतात. किती समर्पक शब्द आहे हा! संत नामदेवांचा जन्म शिंप्याच्या कुळात झाला. त्या व्यवसायाने मराठीला दिलेला हा शब्द भक्तांनी विसरू नये. परमार्थात माया सोडावी असे सांगतात, शिवणीत मात्र ती राखावी.

पूर्वी घरचा शिंपी कुशीला इंचभर माया ठेवी, बाहीच्या टोकाला दुहेरी दुमड देई, पोरीच्या परकराला वर चुण घाली. मूल वाढले की माया उसवावयाची, दुमड सोडावयाची. थोरल्याचा सदरा धाकट्याला, पोलके ताईचे मनीला, आणि शेवटी त्याचे पायपुसणे. आजच्या तयार कपड्यांत पाव इंचही माया सापडत नाही, शिवण उसवावी तर कापडच उरत नाही. असे वस्त्र एका अंगाचे, एका वर्षाचे. त्याला ना वाढ माहीत, ना वारसा.

म्हणून खरेदी करताना शिवण उलटून पाहावी. कुशीला किमान अर्धा इंच माया, टीप बारीक आणि दुहेरी, काजे घट्ट भरलेली, काठाला दुमड रुंद, एवढे मिळाले तर चार पैसे अधिक द्यावेत. न मिळाले, तर हातमागाचे कापड घेऊन जवळच्या शिंप्याकडे जावे. हातमागाच्या कापडाची ओळख पटावी म्हणून २००६ पासून केंद्र शासनाची हातमाग मुद्राही आहे. दिवाळीच्या आठवड्यात शिंप्याला उसंत नसते. नवरात्र उठताच त्याच्याकडे कापड टाकावे, मापे सावकाश द्यावीत, आणि माया ठेवण्यास आवर्जून सांगावे. त्याचीही दिवाळी त्या शिलाईवरच साजरी व्हावयाची असते.

रेशीम आणि जर यांची शोभा सणाच्या दिवशी अवश्य मिरवावी. परंतु घरातील प्रत्येकासाठी एक साधे, अंगाला सुखाचे सुती वस्त्रही या खरेदीत असावे. आजोबांना हात वर करून देवाला फूल वाहता यावे, सुनेला पाटावर निवांत बसता यावे, नातवाला दिवसभर बागडता यावे, एवढी त्याची योग्यता. कार्तिकातल्या तुळशीच्या लग्नालाही तेच वस्त्र धुऊन, घडी मोडून पुन्हा आनंदाने अंगावर चढले, म्हणजे दीपावलीची खरेदी सत्कारणी लागली असे खुशाल समजावे.