परसातली शेड आणि मंजूर नकाशा

राहते घर बांधावयाचे म्हटले म्हणजे मनुष्य नकाशा काढून घेतो, नगरपालिकेच्या दफ्तरात खेटे घालतो आणि मंजुरी हाती आल्यावाचून जोत्याचा दगड बसवीत नाही. परंतु त्याच घराच्या पाठीमागे चार लोखंडी खांब रोवून वर पत्रे टाकावयाचे असले की त्याला कायद्याची आठवणही होत नाही. ‘मागे एक शेड मारली आहे,’ एवढेच तो म्हणतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा इतका बेफिकीर नाही. जमिनीवर, तिच्या वर किंवा तिच्या पोटात केलेले बांधकाम, तसेच तिच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदलही, त्याच्या व्याख्येत ‘विकास’ ठरतो. आणि विकास म्हटला की, कायद्याने सांगितलेले मोजके अपवाद सोडले तर, परवानगी आली.

शेतकऱ्याच्या गोठ्याकडे कायद्याने निराळ्या, आणि माझ्या मते अधिक समंजस, दृष्टीने पाहिले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात, तोही १९६६ चाच, शेतावरील इमारतीची व्याख्या दिली आहे, तीत अवजारे, खत आणि वैरण ठेवण्याची जागा, धान्याचे कोठार, गुरांचा निवारा, इतकेच काय, धारकाच्या कुटुंबाचे, गड्यांचे वा कुळांचे राहते घरही येते. अशी इमारत उभारण्याची मुभा कलम ४१ ने धारकास दिली असून तिला मर्यादाही घातल्या आहेत. मुभेचा आधार आहे तो वहितीशी असलेला संबंध. बैलांच्या जागी दुचाक्यांचे गॅरेज आले किंवा सिमेंटच्या गोण्यांची वखार निघाली, म्हणजे खांब आणि पत्रे तेच राहूनही वापर बिगरशेती होतो, आणि ‘आमच्या आजोबांच्या वेळेपासून इथे गोठाच आहे’ ही सबब मामलेदार कचेरीत टिकत नाही.

शहरात प्रश्न येतो तो सामासिक अंतराचा. घर आणि भूखंडाची हद्द यांमध्ये मोकळी ठेवावयाची ही पट्टी मालकास फुकट गेलेली वाटते. वस्तुतः उजेड, वारा आणि प्रसंगी अग्निशामक दलाची वाट तिच्यावरच अवलंबून असते. तिच्यात शेड घालून पत्र्याचा उतार शेजाऱ्याकडे दिला, की पहिल्याच वळवाला पन्हळीचे पाणी त्याच्या भिंतीत मुरते आणि वर्षानुवर्षांचा घरोबा लेखी तक्रारीवर येतो. किती अंतर सोडावे, त्यात काय चालेल, हे आता बहुतांशी एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली सांगते. मुंबईसारखे काही अपवाद वगळता ती २०२० सालापासून राज्यभर लागू आहे.

या सर्वांचा पुरावा म्हणजे स्थळ-आराखडा. भूमी अभिलेख खात्याची मोजणी, जिच्या नकाशाला लोक ‘क प्रत’ म्हणतात, ती समोर ठेवून तो सामान्यतः १:५०० या प्रमाणात काढतात. त्यात उत्तर दिशा, लगतचे रस्ते, विहीर, जुनी बांधकामे आणि प्रत्येक बाजूचे अंतर दाखवावे लागते. रंगांचीही शिस्त ठरलेली आहे: हद्द जाड काळ्या रेषेची, रस्ता हिरवा, पाडावयाचे बांधकाम पिवळे, नवे लाल. जुनी शेड या कागदावर न दाखविण्याची युक्ती पुष्कळांना सुचते. पण भोगवटा प्रमाणपत्रासाठी पाहणीस आलेला अभियंता नकाशा हातात घेऊनच परसात शिरतो.

मंजुरी एक वर्षाची असते आणि मुदतवाढ धरून चार वर्षांपलीकडे जात नाही, हे ध्यानात ठेवावे. परवानगीवाचून बांधले असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची नोटीस येते; ती पाहून घाबरून पत्रे उतरविणारे असतात, आणि खिशात घालून विसरणारेही असतात. नोटिशीच्या मुदतीतच त्याच अधिनियमाच्या कलम ४४ खाली बांधकाम कायम ठेवण्याचा अर्ज करता येतो, आणि शेड नियमांत बसण्याजोगी असेल तर तो अवश्य करावा. सामासिक अंतर गिळून बसलेली असेल, तर मात्र वकिलापेक्षा लोहाराला आधी बोलावणे स्वस्त पडते.