अंगणातील रान

परभणी जिल्ह्यातील पालम तालुक्यात, गोदावरीच्या पात्रात, जांभूळबेट आहे. जांभळीच्या झाडांवरून त्याला हे नाव पडले. तेथील झाडीत मोर व इतर अनेक पक्षी राहतात. अन्न, पाणी व आडोसा ही तिन्ही एके ठिकाणी मिळाली, की पाखरे आपण होऊन येतात. परंतु या जिल्ह्यात जंगल फारच थोडे. बहुतेक जमीन पिकांखाली आहे. म्हणून घरापुढील लहानशा अंगणालाही मोल आहे.

पुष्कळ लोक अंगणात हिरवळ लावतात. ती डोळ्यांना सुखविते. पण वारंवार कापल्यामुळे तिला फूल येत नाही व बी धरत नाही. भर उन्हाळ्यात, पाण्याची टंचाई असतानाही, तिला पाणी द्यावे लागते. एवढे करूनही बहुतेक फुलपाखरांना तेथे अंडी घालण्याजोगे पान सापडत नाही.

फुलपाखरू वाटेल त्या पानावर अंडी घालीत नाही. त्याच्या अळीला ठरावीक वनस्पतीच मानवतात. काळ्या-पांढऱ्या टोकांच्या नारिंगी पंखांचे एक फुलपाखरू रुईवर अंडी घालते. काही फिकट पिवळी फुलपाखरे तरवडाकडे वळतात, तर काळी-पिवळी ठिपकेदार फुलपाखरे लिंबाच्या झाडाकडे जातात. रुई किंवा तरवड तोडला, तर त्यावर पोसणारी अळीही उपाशी मरते.

अळ्या पाने खातात, म्हणून आपण त्यांवर औषध फवारतो. पण पाने शिवून घरटे करणारा शिंपी पक्षी पिलांना किडेच भरवितो. फुलांतील मध पिणारा शिंजीरसुद्धा पिलांसाठी किडे व कोळी वेचतो. अळ्यांवर विष टाकणे म्हणजे पिलांच्या तोंडचा घास काढून घेणेच होय.

तेव्हा अंगणाच्या एका कोपऱ्यातील हिरवळ काढून पावसाळ्याच्या आरंभी तेथे तरवड, अडुळसा, करवंद व कढीलिंब लावावा. रुई कुंपणालगत असावी. तिचा चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नये. रोपे मूळ धरीपर्यंत त्यांना पाणी घालावे. गळलेला पाला न जाळता झाडांच्या बुंध्याशी पसरावा; त्याने ओल टिकते व किड्यांना आसरा मिळतो. मातीच्या परळात पाणी ठेवावे व ते रोज बदलावे, म्हणजे डास होणार नाहीत.

असे अंगण हिरवळीसारखे नीटनेटके दिसणार नाही. त्यातील काही पाने कुरतडलेली असतील. ती पाहून हळहळू नये. कोणी पाहुणा जेवून गेल्याची ती खूण समजावी.