माशाचें नाक आणि बाटलींतला वास

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या संघाच्या एका सभासदानें आपल्या शेततळ्यांतील रोहू व कटला गळानें धरून थोडेथोडे बाजारांत नेण्याचा बेत केला. दुकानदारानें त्यांस एक लहान बाटली दिली. तिच्यावर हिरव्या रंगाच्या, रुंद तोंडाच्या माशाचें चित्र होतें व आंत उग्र वासाचें तेल होतें. हें आमिषास चोळलें म्हणजे मासा आपण होऊन येतो, असें आश्वासनही मिळालें. तीन दिवस तेल चोळूनही मासा लागला नाहीं. तेव्हां वास पोंचत नसेल असें समजून त्या गृहस्थांनीं तेंच तेल कालवून पिठाचे पाटीभर गोळे तळ्यांत टाकले. पुढें दोन दिवसांनीं पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकूं लागले व कांहीं मेलेही. मग ते आमच्याकडे आले. आम्हीं सारें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत घालविलें असलें, तरी नदीकांठीं गळ टाकण्याचा नाद आम्हांस लहानपणापासून आहे, व त्या विषयावरील वाचनही आम्ही करीत आलों आहों. म्हणून या प्रश्नाचा थोडा विस्तारानें विचार करूं.

प्रथम, बाटलीवरील मासा कोणता तें पाहिलें पाहिजे. तो आपल्याकडील नव्हे. तो उत्तर अमेरिकेंतील गोड्या पाण्याचा बास होय. तिकडे हौशी लोक त्याच्यासाठीं लाकडाचीं, धातूचीं व प्लास्टिकचीं फसवीं आमिषें वापरतात. ओहायो प्रांतांतील ॲक्रन शहरीं निक क्रीम या गृहस्थानें १९४९ सालीं मऊ प्लास्टिकचा गांडूळ तयार केला, तेव्हांपासून अशा मऊ आमिषांचा प्रसार फार झाला. पुढें त्यांत वास व चव घालण्याची रीत निघाली, आणि वासाच्या बाटल्यांचा एक स्वतंत्र व्यापारच उभा राहिला.

आतां बास आपलें भक्ष्य शोधतो कसें? तो मुख्यतः डोळ्यांनीं शिकार करणारा आहे. गवताच्या किंवा बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशास दबा धरून तो बसतो व जवळून जाणाऱ्या लहान माशावर एकदम झडप घालतो. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. तिच्या योगें पाण्यांतील हालचाल त्यास कळते. गढूळ पाण्यांत किंवा रात्रीं हीच रेघ त्याच्या उपयोगीं पडते. बासास नाकही आहे. नाकपुडींत एका छिद्रानें पाणी शिरतें व दुसऱ्यानें बाहेर पडतें. श्वासाशीं त्याचा संबंध नाहीं, तें केवळ हुंगण्यासाठीं आहे. परंतु मासा हुंगतो तो पाण्यांत विरघळलेला पदार्थ. तेल पाण्यांत विरघळत नाहीं, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. म्हणून आपल्या नाकास जो तेलकट वास झोंबतो, तो माशापर्यंत तितकाच पोंचतो असें समजणें ही पहिली चूक होय.

दुसरी गोष्ट अशी कीं, बासासाठीं टाकलेलें आमिष बहुधा सारखें ओढीत नेलें जातें. वास पाण्यांत पसरण्यास वेळ लागतो. आमिष क्षणांत पुढें निघून जातें, आणि बासाची झडप त्याहून त्वरेची असते. अर्थात् दुरून ओढून आणण्याचें काम येथें वासाकडून होण्याजोगें नाहीं.

मग वास व चव अगदींच निरुपयोगी काय? तसेंही नाहीं. आमिष तोंडांत गेल्यावर जिभेचा अंमल सुरू होतो. कोरडें, बेचव आमिष बास क्षणार्धांत थुंकून टाकतो. मांसाची चव असलेलें आमिष तो अधिक वेळ तोंडांत धरतो, व तेवढ्या अवकाशांत काठीवाल्यास झटका मारण्यास सवड मिळते. अमेरिकेंतील साधनें बनविणाऱ्यांनीं टांक्यांत केलेल्या प्रयोगांतून हें दिसून आलें आहे. विकणाऱ्यानेंच केलेली मोजणी थोडी हातचें राखूनच वाचावी, हें आमच्या जुन्या नोकरीनें आम्हांस शिकविलें आहे. तथापि ही गोष्ट माशाच्या स्वभावाशीं जुळते, म्हणून आम्ही ती मान्य करितों. सारांश, चवीमुळें लागलेला मासा हातीं येण्यास मदत होते, परंतु न आलेला मासा त्यामुळें येत नाहीं.

याची साक्ष पाहावयाची तर, २ जून १९३२ रोजीं जॉर्जिया प्रांतांत जॉर्ज पेरी नांवाच्या तरुण शेतकऱ्यानें २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. आमिष होतें लाकडाचें. मासा तोलून झाल्यावर त्याच्या घरच्यांनीं तो खाऊन टाकला! त्याच्या बरोबरीचा मासा पुढें २००९ सालीं जपानांतील बिवा सरोवरांत मानाबू कुरिता यांनीं धरला. तेथें आमिष जिवंत माशाचें होतें. दोन्ही वेळां बाटलीचा महिमा नव्हता.

तरीही बाटलीची स्तुति करणारे पुष्कळ भेटतात. याचें कारण असें कीं, ज्या दिवशीं मासा मिळतो तो दिवस लक्षांत राहतो व रिकामा दिवस विसरला जातो. शिवाय बाटलीवर विश्वास असलेला मनुष्य अधिक चिकाटीनें बसतो. एका शेताकडे पाहून सबंध गांवाची आणेवारी ठरवीत नाहींत. निरनिराळ्या ठिकाणचे तुकडे कापून तोलावे लागतात. येथेंही तोच न्याय लावावा. दोन सारख्या काठ्या, एकच जागा, एकच वेळ घ्यावी. एका गळास वास लावावा, दुसऱ्यास लावूं नये, व रोज काठ्यांची जागा पालटावी. आम्हीं त्या सभासदांबरोबर, तळें सुधारल्यावर, कांहीं सकाळीं असें करून पाहिलें. पेंडीचा साधा गोळा व बाटलीचें तेल लावलेला गोळा यांत आम्हांस फरक आढळला नाहीं. प्रयोग लहान होता, म्हणून त्यावरून आम्ही मोठा सिद्धांत काढीत नाहीं. वाचकांनीं आपापल्या तळ्यावर तो स्वतः करावा.

आपल्या माशांची गोष्ट मात्र बासाहून निराळी आहे. शिंगाळ्यासारख्या मिशीवाल्या माशास मिशांवर व सर्वांगावर चव घेणारे बिंदु असतात. तो अंधारांतही वासाच्या मागानें येतो. रोहू व मृगळ हे शांतपणें चरणारे आहेत, आणि आमिष एका जागीं स्थिर असतें. तेथें वासास पसरण्यास वेळ मिळतो. म्हणूनच बंगालांतील काठीवाले पाण्यांत अगोदर 'चार' टाकून मासा जागेवर आणतात. परंतु त्यासाठीं परदेशी तेलाची गरज नाहीं. शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा व भाजलेल्या मेथीची पूड पाण्यांत मळून केलेला गोळा पुरे. मात्र हात साबण, तंबाखू व रॉकेलच्या वासापासून स्वच्छ असावे.

प्रमाणाविषयीं आमची कळकळीची सूचना आहे. मूठभर गोळा पुष्कळ झाला. मासा खात नाहीं तें अन्न तळाशीं कुजतें, कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खातें, आणि पहाटे तो मुळांतच सर्वांत कमी असतो. वर सांगितलेल्या तळ्यांतील मासे गुदमरले ते यामुळेंच. गोळे टाकणें बंद करून विहिरीचें ताजें पाणी उंचावरून सोडल्यावर उरलेले वांचले.

शेवटीं, बाटलीवरील चित्रास भुलून बासाचें बीं आणण्याचा विचारही कोणी करूं नये. जपानांत हा मासा १९२५ सालीं अशी सरोवरांत सोडला गेला. पुढें तो देशभर पसरून तेथील लहान मासे खाऊं लागला, आणि २००५ सालीं अंमलांत आलेल्या कायद्यान्वयें तो पाळण्यास व पाण्यांत सोडण्यास बंदी करावी लागली. बाटली विकत घेऊन फसलें तर चार पैसे जातात. मासा आणून फसलें तर नदी जाते.