'बहुधा' म्हणजे काय?

मागच्या पावसाळ्यात माझ्या मावसबहिणीच्या दीड वर्षाच्या मुलाला न्यूमोनिया झाला. चार दिवस हॉस्पिटलात होता. ताईनं डॉक्टरांना विचारलं, "कशामुळे झालं हो?" ते म्हणाले, "बहुधा व्हायरल आहे, पण अँटिबायोटिक चालू ठेवू." बाहेर आल्यावर ताई वैतागली, "एवढ्या तपासण्या केल्या, आणि अजून बहुधाच?" मी मायक्रोबायोलॉजी शिकते म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आता सांगून बघते.

न्यूमोनिया हे काही एका जंतूचं नाव नव्हे. संसर्गामुळे फुप्फुसातल्या बारीक वायुकोशांत पाणी किंवा पू भरतो आणि श्वास घेणं जड जातं, त्या आजाराचं हे नाव. तो आणणारे जंतू अनेक. न्यूमोकोकस, हिब हे जिवाणू. आरएसव्ही, इन्फ्लुएन्झा हे विषाणू. कधी क्षयाचा जंतूसुद्धा.

अडचण अशी, की आजार असतो फुप्फुसात खोलवर, आणि आपल्याला नमुना सहज मिळतो तो नाकाघशातून. लहान मुलं कफ थुंकत नाहीत, गिळून टाकतात. फुप्फुसात सुई घालून नमुना काढता येतो, पण ते क्वचितच करतात. रक्त तपासावं तर जंतू रक्तात उतरलेला असेल तरच सापडणार. त्यात आधीच अँटिबायोटिक दिलेलं असलं तर तोही पुसला जातो. राहिला नाकातला स्वॅब. पीसीआर तपासणीत त्यात काही ना काही सापडतंच. पण नाकात सापडलेला जंतूच फुप्फुसातला गुन्हेगार, हे कशावरून? जत्रेत चोरी झाली म्हणून जत्रेतला प्रत्येक माणूस चोर ठरत नाही.

हा गुंता सोडवायला 'पर्च' नावाचा मोठा अभ्यास झाला. बांगलादेश, थायलंड, केनिया, गांबिया, माली, झांबिया आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांत, २०११ ते २०१४ या काळात. एक महिना ते पाच वर्षांखालची, गंभीर न्यूमोनियानं दाखल झालेली ४,२३२ मुलं घेतली. खरी युक्ती पुढे आहे. त्याच परिसरातली, न्यूमोनिया नसलेली ५,११९ मुलंही घेतली आणि त्यांचेही स्वॅब तपासले. निकाल 'लॅन्सेट'मध्ये २०१९ साली आला.

काय दिसलं? आजारी मुलांपैकी ९८.९ टक्क्यांच्या नाकाघशात एखादा तरी जंतू होता. आणि न्यूमोनिया नसलेल्यांत? ९८ टक्के! म्हणजे नुसतं 'सापडला' याला अर्थ नाही. आजारी मुलांत जास्त आणि इतरांत कमी सापडतो, तो खरा संशयित. आरएसव्ही नेमका तसा निघाला.

मग एक्स-रेवर न्यूमोनिया दिसलेल्या, एचआयव्ही नसलेल्या १,७६९ मुलांचा हिशोब गणिती पद्धतीनं मांडला. विषाणूंचा वाटा ६१.४ टक्के, जिवाणूंचा २७.३, क्षयाचा ५.९. एकटा आरएसव्ही ३१.१ टक्के. रक्ताच्या कल्चरमध्ये मात्र जेमतेम ३.२ टक्के मुलांत जंतू मिळाला.

मग अँटिबायोटिक कशाला, असं कुणी म्हणेल. पण हे आकडे हजारो मुलांचे मिळून आहेत. समोरच्या खाटेवरचं बाळ त्या ६१ मधलं की २७ मधलं, हे अजून खात्रीनं सांगता येत नाही. जिवाणूचा न्यूमोनिया औषधाविना सोडला तर जिवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टर धोका पत्करत नाहीत. 'व्हायरल' म्हणजे साधं, असंही समजू नका. ही सगळी मुलं गंभीर अवस्थेतच दाखल झाली होती.

असे आकडे मुख्यतः उपयोगी पडतात ते पुढची लस कुठल्या जंतूवर हवी, हे ठरवायला. हिब आणि न्यूमोकोकसवरच्या लसी आल्या आणि त्या जंतूंचा जोर कमी झाला. आपल्याकडे न्यूमोकोकसची लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून काही राज्यांत सुरू झाली आणि २०२१ पासून देशभर मोफत मिळू लागली. आता लक्ष आरएसव्हीकडे आहे.

ताईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे डॉक्टर खरंच बोलत होते तर." हो. त्या 'बहुधा'त टाळाटाळ नव्हती. जेवढं कळतं तेवढंच त्यांनी सांगितलं होतं.