ओट्यावरची वहिवाट

इंदूरच्या राजवाड्याजवळील सराफ्यात रात्री नऊच्या सुमारास जो उभा राहील, त्याला सोन्याचांदीच्या पेढ्यांची दारे एकामागून एक बंद होत असता त्याच पेढ्यांच्या ओट्यांवर आणि पुढील रस्त्यावर भट्ट्या, कढया व पराती मांडल्या जाताना दिसतील. आणि दिवसभर जेथे गुंज-माशांचा हिशेब चालला, तेथे मध्यरात्र उलटून जाईपर्यंत खवय्यांची दाटी ओसरत नाही.

कोवळी कणसे किसून, तुपावर जिरे-मिरचीची फोडणी देऊन दुधात शिजविलेला भुट्ट्याचा कीस, थंडीच्या दिवसांत तळून लिंबू-मसाल्यासह मिळणारा गराडू नावाचा कंद, एकाच नगाने पोट भरावे असा जलेबा, खोबऱ्याचे सारण भरलेले पॅटीस, मालपुवा आणि रबडी, ही या रात्रीच्या पेठेची मातब्बर मंडळी होत. मराठी माणूस मात्र साबुदाण्याच्या खिचडीपाशी हटकून थबकतो. आपल्याकडे जी एकादशीला घरात शिजते, ती येथे वाफेवर मऊ राखून, गिऱ्हाइकासमोर मसाला, लिंबू आणि फराळी चिवडा मिसळून, वारातिथीचा विचार न करता रोज विकली जाते. होळकरांच्या राज्यात या शहरी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या नातवंडांनाही आज हीच खिचडी अस्सल वाटते, आणि मला त्यात काही वावगे दिसत नाही.

1818 च्या मंदसौरच्या तहानंतर इंदूर होळकर संस्थानची राजधानी झाले. परंतु राजधानीच्या मानाइतकाच व्यापारी पेठेचा लौकिक या शहराने सांभाळला. जुन्या मराठी अमदानीत पेठ वसवावयाची म्हणजे शेटे-महाजन नेमणे, सनदा देणे, जकातीची माफी वा सवलत ठरविणे, असा सगळा दप्तरी व्यवहार असे. ओट्यावर बसणाऱ्या फिरत्या विक्रेत्याच्या वाट्याला मात्र सनद क्वचितच येई. त्याचा आधार म्हणजे मामूल, अर्थात पेढीवाल्याची संमती आणि वर्षानुवर्षांची वहिवाट. सराफ्यात ही संमती का मिळाली, याविषयी जुनी मंडळी सांगतात की रात्रभर जाग राहिली तर पेढ्यांची राखण आपोआप होते. म्हणजे सराफाने ओटा दिला तो केवळ उपकार म्हणून नव्हे.

अलीकडच्या वर्षांत या सलोख्याला तडा जाऊ लागला आहे. गॅसच्या टाक्या, अरुंद गल्ली आणि वाढती गर्दी यांमुळे एखादे दिवशी अनर्थ ओढवेल, ही सराफांची भीती निराधार नाही. जुने इंदुरी पदार्थ बाजूस पडून मोमो आणि नूडल्स यांचीच दुकाने वाढली, ही तक्रारही ऐकू येते. पण दहा वर्षांपूर्वी आलेला आणि आजोबांच्या वेळेपासून बसणारा, या दोघांना एकाच नोटिशीने उठविणे हा न्याय नव्हे.

येथे कायद्याचा आधार आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. 1989 मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरील विक्री हा व्यवसायस्वातंत्र्याचा भाग मानला, अर्थात वाजवी निर्बंधांच्या मर्यादेत. पुढे 1 मे 2014 पासून पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा अमलात आला. त्यात खासगी जागेत तात्पुरत्या मांडणीवर विकणाराही पथविक्रेताच ठरतो, म्हणजे ओट्याचा प्रश्नही कायद्याच्या कक्षेत आला. निदान पाच वर्षांतून एकदा सर्वेक्षण करावे, ते पुरे होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणासही हटवू नये, नगर विक्रेता समितीत विक्रेत्यांचे निर्वाचित प्रतिनिधी चाळीस टक्क्यांहून कमी नसावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी त्याची तजवीज आहे. याच कायद्याच्या अनुसूचीत असेही म्हटले आहे की, जेथे विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करीत आले, तो स्वाभाविक बाजार वारसा-बाजार म्हणून घोषित करावा आणि तेथील विक्रेत्यांना अन्यत्र हलवू नये. ज्या वहिवाटीला शतकानुशतके कागद मिळाला नव्हता, तिला हा कागद मिळाला. मात्र हे जुने वतन नव्हे: प्रमाणपत्र विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, आणि विक्रेत्याच्या पश्चात त्याची मुदत संपेपर्यंतच जोडीदार किंवा अवलंबून असलेले अपत्य व्यवसाय चालवू शकते. ही मर्यादा मला रास्त वाटते, कारण हक्क कष्टणाऱ्या हातापाशी राहिला पाहिजे. जागा अडवून दुसऱ्याकडून भाडे खाणाऱ्यापाशी तो जाता कामा नये.

म्हणून सराफ्यात अग्निसुरक्षेचे नियम कडक असावेत, टाक्यांची संख्या ठरावी, रुग्णवाहिका जाईल एवढी वाट मोकळी राहावी. पण त्याआधी पन्नास वर्षांहून जुन्या विक्रेत्यांची नोंद व्हावी. आणि वाचकहो, तुमच्या गावी एसटी स्थानकाबाहेर वा आठवडे बाजारात बालपणापासून पाहिलेला जो भेळवाला किंवा भजीवाली असेल, तिला एकदा विचारा की नगरपरिषदेच्या सर्वेक्षणात तिचे नाव लागले आहे काय. नसेल, तर तिच्याबरोबर अर्ज घेऊन नगरपरिषदेत जा.